उघाडीवरचं वाक्य

रतनने त्याचा आवाज आधी ऐकला आणि माणूस मागाहून पाहिला. सगळा घोळ तिथेच झाला.

पौषातल्या पुनवेचं उधाण होतं. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी कोलशेतच्या मिठागराच्या बांधाला येऊन भिडतं, म्हणून मीठ न्यायला शिडाचे मचवे तेव्हाच येत. कल्याणचा पंढरी तांडेल आपला मचवा घेऊन आला होता. बायका डोक्यावर मिठाच्या टोपल्या घेऊन फळीवरून आत चढत होत्या आणि आत कोणीतरी टोपल्या मोजत होतं. मोजणी गाऊन करायची ही तिथली रीत. पहिल्या टोपलीला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं; आणि मग दुसरी टोपली येईपर्यंत तो आकडा घोळवत राहायचा. नेहमीचा मोजणारा म्हातारा होता, त्याचे आकडे खोकल्यातून वाट काढत बाहेर यायचे. आजचा आवाज मात्र नवा होता...

"लाऽभ गं लाभ... दोऽन गं दोन..."

रतनची टोपली सतरावी होती. फळीवर पाय ठेवला तेव्हा तो सोळाचा आकडा घोळवत होता, आणि तिला उगाचच वाटलं की फळी अजून थोडी लांब असती तर बरं झालं असतं. टोपली उपडी करून तिने मान वर केली. पंचविशीचा, सावळा, कानात चांदीची बाळी. डोळे मात्र आवाजापेक्षा लाजरे.

रतन तशी तोंडाची धीट. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा तापाने गेला, त्याला आता चार वर्षं झाली होती. त्याचा चेहराही तिला धड आठवत नव्हता. विशीतली बाई, आईकडे राहायची, मिठागरावर राबायची आणि जे मनात येईल ते बोलायची.

"आवाज बरा हाय तुझा," ती म्हणाली. "नाव काय?"

त्याने तोंड उघडलं. "आ... आ... आ..."

"अगं बाय! आता आलाप लावतंस का?"

मागच्या बायका खदखदून हसल्या. रतनही हसली. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला, गळ्याची शीर ताठ झाली, आणि कितीतरी वेळाने शब्द सुटला, "...आनंदा."

तेव्हा कुठे रतनच्या ध्यानात आलं की हा आलाप नव्हता. गाताना पाण्यासारखा वाहणारा माणूस बोलताना अडखळत होता. तिचं हसू जागच्या जागी सुकलं. पण बाहेर पडलेलं हसू परत गिळता येत असतं तर काय हवं होतं!

गंमत अशी, की त्या दिवशी हसलं नाही असं एकच माणूस तिथे होतं. सहा वर्षांची शालू.

शालू ही रतनच्या मेलेल्या बहिणीची पोर. बापाने दुसरा संसार मांडला आणि पोरीला आजीकडे, म्हणजे रतनची आई गंगुबाई हिच्याकडे, आणून सोडलं. येताना पोर बोलायची. पण प्रत्येक शब्दाच्या दारात अडून बसायची. गंगुबाईने उपाय काही बाकी ठेवले नव्हते. जिभेला मधातून वेखंड लावून झालं. पोपटाने उष्टावलेला पेरू चारून झाला. टेंभी नाक्याजवळच्या एका भगताचा अंगाराही लावून झाला. शेजारपाजारचे येताजाता "बोल गं पटपट" म्हणत. रतनचा जीव शालूवर, तिला पोरीचे हाल बघवत नसत, म्हणून शालूने "मा... मा..." म्हणताच ती म्हणायची, "मावशी, पानी पायजे? घे. भूक लागली? घे." शालूचं प्रत्येक वाक्य रतनच पुरं करायची. त्याला ती माया समजायची. होता होता पोर बोलायचीच बंद झाली. मावशी सगळं बोलतेच आहे, तर आपण कशाला त्रास घ्या!

आणि तीच शालू बांधामागून बाहेर आली, मचव्याजवळ गेली आणि आपल्यासारखं बोलणाऱ्या त्या मोठ्या माणसाकडे डोळे विस्फारून बघत उभी राहिली.

पंधरा दिवसांनी, अवसेच्या उधाणाला, रतन मचव्याची वाट बघत होती. वाट बघत नव्हते असं तिने आईला तीनदा सांगितलं, यावरून काय ते समजा.

"त्या दिवशी हसली मी," टोपली ओतताना ती हळूच म्हणाली. "चुकलं माझं."

त्या दिवशी रतनच्या टोपलीचा आकडा आनंदाने इतका लांबवला की मागची बाई टोपली घेऊन फळीवर ताटकळली.

"माझ्याच टोपलीला तुझा आकडा का रे लांबतो?"

"तु... तुझी टोपली ज... जड अस्ते."

"जड? माझी टोपली सगल्यांत हलकी. आय भरते ना!"

तो हसला. हसताना तो अडखळत नसे, हे रतनने त्या दिवशी मनात नोंदवून ठेवलं.

मचवा भरल्यावर पाणी उतरायच्या आत थोडा वेळ मिळायचा. भरतीचं पाणी मिठागरात घ्यायला बांधात एक लाकडी दार होतं, त्याला उघाडी म्हणतात. त्या उघाडीवर आनंदा भाकरी खायला बसला, तर शालू येऊन शेजारी बसली. तिने तोंड उघडलं, "तु... तु... तु..."

"तुझं नाव आनंदा का, असं इचारते ती," रतन सवयीने म्हणाली.

आनंदाने हातातली भाकरी खाली ठेवली. रतनकडे पाहून त्याने फक्त मान हलवली, नको. मग शालूकडे वळून तो बसून राहिला. तिच्या ओठांकडे पाहिलं नाही, डोळ्यांकडे पाहत राहिला. कपाळावर आठी नाही, घाई नाही. जगात त्याला दुसरं काम नसावं असा. रतनला तेवढा वेळ वर्षासारखा वाटला. दोनदा तिच्या जिभेवर शब्द आले, दोनदा तिने ते दाताखाली धरले.

"तु... तु... तुझ्या भाकरीला... मुं... मुंग्या लागल्या," शालू म्हणाली.

रतन थक्क झाली. दीड वर्षात पोर एवढं लांब वाक्य बोलली नव्हती. आणि आपण केवढ्या ऐटीत भलतंच सांगून मोकळ्या झालो होतो!

"असं किती वेळा झालं असंल?" तिने त्याला विचारलं. "ती बोलाया गेली येक, आन् मी दिलं दुसरंच?"

आनंदाने मुंग्या झटकल्या. त्याचं बोलणं इथे मी सरळ लिहिते; तो मात्र ते थांबत थांबत, शब्दाशी झुंजत बोलला, आणि रतनने ते पहिल्यांदाच मध्ये न पडता ऐकलं. लहानपणी तोही असाच होता. सगळे त्याची वाक्यं पुरी करायचे. फक्त त्याची एक आत्या होती, ती हातातलं काम खाली ठेवायची आणि शेवटचा शब्द पडेपर्यंत ऐकायची. "तिच्यामुलं मी निदान एवढा तरी बोलतो," तो म्हणाला. "कोनी माझं वाक्य पुरं केलं ना, तर ते त्याचं होतं. मग मी ते परत नाय बोलत."

"कधीच नाय?"

"नाय. ज्याचं वाक्य त्यानंच पुरं करायचं."

रतनने तेव्हा मान डोलावली. ऐकलं तिने, पण मनात किती उतरलं, ते पुढे कळलं.

त्यानंतर प्रत्येक उधाणाला उघाडीवर शाळा भरू लागली. आनंदाची पद्धत निराळीच. तो शालूला बोलायला लावतच नसे, ऐकायला लावे. "डोले मीट. काय आयकू येतं?" खेकडा चिखलात शिरताना होणारा बुडबुड. वल्हं कुठल्या बाजूचं. पायाखाली मीठ कोरडं मोडतं की ओलं. रिकाम्या मडक्यावर टिचकी आणि भरल्या मडक्यावर टिचकी. सुरुवातीला शालू बोटांनी सांगायची, मग मानेने, मग एकेका शब्दाने. कान जागे झाल्यावर त्याने तिला तिचंच बोलणं ऐकायला लावलं. शब्द कुठे अडतो, अडायच्या आधी श्वास कसा कोंडतो, ते.

"तिचं तिला आयकू येऊ दे," तो म्हणायचा. "जीभ मागनं येते."

शिकत होती शालू, पण धडा खरा रतनला होता. कोयता, टोपली, सूप, हातात जे असेल ते खाली ठेवायचं. गप्प बसायचं. रतनसारख्या बाईला हे म्हणजे उपासापेक्षा कठीण! पण ती शिकली. फाल्गुन लागेपर्यंत शालू अख्खी वाक्यं बोलू लागली होती; अडायची, पण अडून बसायची नाही.

एकदा ती आनंदाला हाक मारायला गेली, "मा... मामा..."

"मामा न... नको," तो घाईघाईने म्हणाला. "क... काका चालंल."

रतनच्या भुवया वर गेल्या. शालूला ती मावशी. तिच्या शेजारी बसून हा मामा झाला तर रतनचा भाऊ ठरणार. आणि काका झाला तर...

"काका कशानं रे?" तिने खाडीकडे बघत विचारलं.

"अ... अशानंच."

दोघांचेही कान लाल झाले. शालू मधे बसून फुटाणे खात होती. कल्याणच्या बाजारातले फुटाणे तो दर खेपेला आणायचा. अर्धे बोलणारीला, अर्धे ऐकणारीला.

"तू सगलं गाऊनच का नाय बोलत?" रतनने एकदा विचारलं. "गाताना तर कुटंच अडत नायस."

"ते मो... मोजनीचं गानं. त्यात माझं काय नस्तं. म... मनातलं बोलायचं तर साधंच बोलाया पायजे. अ... अडलं तरी."

चैत्रात एका दुपारी अवेळी आभाळ भरून आलं. मिठागरावर पावसाचं नाव काढलं तरी बायका शिव्या घालतात. चार सरी आल्या की चार महिन्यांची मेहनत पाण्यात. सगळे राशी झाकायला धावले. आनंदा मचवा सोडून आला, रतनबरोबर एकाच राशीवर झावळ्या टाकू लागला. थेंब टपटपले, वारा झावळी उडवू लागला, तिने एका टोकाला धरली, त्याने दुसऱ्या. मधे मिठाची पांढरी रास. तिच्या ओठांवर उडालेलं मीठ पावसाने विरघळून खारट लागत होतं. तो तिच्याकडे पाहत होता, ती त्याच्याकडे. आभाळ तसंच पुढे निघून गेलं, पण झावळी सोडायचं दोघांच्या ध्यानात राहिलं नाही.

"झाली की झाकून!" गंगुबाई पलीकडून ओरडली. "आता काय राखन बसनार हाव का?"

गंगुबाईला सगळं दिसत होतं, आणि तिची ना नव्हती. त्यांच्यात विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागतो; तो काही चोरीचा मामला नव्हे. पोरगा जातीतला, कष्टाळू. "बोलू दे त्याला येकदा," ती म्हणायची, "मी लगेच हो बोलनार." फक्त त्याने बोलायला हवं होतं. आणि रतन तेवढ्याचीच वाट बघत होती.

वैशाखातलं शेवटचं उधाण आलं. त्यानंतर पावसाळाभर मचवे बंद. मचवा बांधाला लागला आणि रतनने पहिली टोपली डोक्यावर घेतली तोच पंढरी तांडेल गंगुबाईला सांगत होता, "आमचा आनंदा चालला हो मावशी! ही शेवटची खेप त्याची. कल्याणला आगगाडीच्या मालधक्क्यावर लागतोय. आता मीठसुदीक गाडीतनंच जातं, मचव्याला कोन इचारतं?"

रतनच्या डोक्यावरची टोपली एकाएकी जड झाली. जायचं ठरलं, आणि हे आपल्याला पंढरीकडून कळावं! आपण कोण त्याची? फळीवरून चारदा ती गेली, चारदा तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याचे आकडे त्या दिवशी चुकत होते. उघाडीवर ती गेलीच नाही. तिथे शालू आणि तो काहीतरी पुटपुटत बसले होते, त्याकडेही तिने काणाडोळा केला.

ओहोटी लागली. मचवा चिखलात रुतायच्या आत निघायला हवा होता. पंढरी दोर सोडून ओरडत होता, "आनंदा, चल रं! पानी चाललं!" आणि आनंदा मचव्यातून उडी टाकून, गुडघाभर पाण्यातून, सरळ रतनसमोर येऊन उभा राहिला.

"र... रतन. मी... क... कल्याणला... जा... जा... जा..."

गळ्याची शीर ताठ. मुठी आवळलेल्या. बायका टोपल्या खाली ठेवून बघत होत्या. एक जण पदर तोंडाला लावून हसलीही. पंढरी ओरडत होता. पाणी बांधापासून हातभर खाली गेलं होतं. रतनच्या छातीत राग, लाज, दुःख सगळं एकदम दाटलं. निरोपच घ्यायचा ना? मग तो तरी एवढा ताणून कशाला?

"जानार हायेस!" ती म्हणाली. "आयकलंय मी. मग जा की! आडवलंय कुनी?"

आनंदाचं तोंड उघडंच राहिलं. मग हळूहळू मिटलं. त्याने एकदा शालूकडे पाहिलं, मान खाली घातली, आणि पाण्यातून परत गेला. मचवा खाडीच्या मधल्या धारेला लागेपर्यंत रतन पाठ करून उभी होती. पाठ करून रडता येतं, एवढी सोय देवाने बाईला ठेवली आहे.

पावसाळा गेला. भातं लावून झाली, कापून झाली. रतन वरून जशीच्या तशी होती. फक्त बडबड कमी झाली होती. चूक त्याची, असं ती स्वतःला सांगायची. चांगलं दोन महिने आधी सांगता आलं असतं त्याला. कार्तिकातल्या पुनवेला झाकून ठेवलेल्या राशी न्यायला पंढरीचा मचवा आला. आत परत तोच खोकणारा म्हातारा होता. रतनला माहीत होतं की आनंदा येणार नाही, तरी तिने सतरावी टोपली नेताना थांबून ऐकलं.

पंढरी म्हणाला, "बरा हाय तो. तुमची याद काढतो." त्याच दिवशी कोणाबरोबर एक शब्द धाडला असता तरी चाललं असतं. पण रतनने आणखी एक पंधरवडा रुसण्यात घालवला. हा पंधरवडा तिला पुढे जन्मभर बोचला, म्हणून मुद्दाम सांगते.

अवसेच्या आदल्या दिवशी ती आणि शालू उघाडीची फळी घासत होत्या. शालू म्हणाली, "मावशी, का... काका कवा येनार?"

"तो कशाला येईल? जाताना धड दोन शब्द नाय बोलला. काय बोलायचं असंल तर ना!"

शालूने हातातला चोथा खाली ठेवला. "हो... होतं."

"काय होतं?"

"बो... बोलायचं होतं त्याला. त्यानं मा... माझ्याबरोबर म्हनून बघितलेलं. हितं बसून. ल... लय वेला."

रतनचे हात थांबले. खाडीचं पाणी उघाडीखाली डुबुकडुबुक वाजत होतं.

"काय म्हनून बघितलेलं?"

शालूने डोळे मिटले, जसं त्याने शिकवलं होतं तसं. तिचा स्वर बदलला, वाक्याची चाल त्याची झाली. "रतन, मी कल्याणला जा... जा... जा..."

ती तिथेच अडली. अगदी तिथेच, त्याच शब्दावर. पुढचा शब्द रतनच्या जिभेवर आला. पण या खेपेला तिने काही म्हटलं नाही. ओले हात मांडीवर ठेवून ती थांबली. एक बगळा बांधावरून उडाला, पलीकडे जाऊन बसला, तरी ती थांबली.

"...जानार हाय. पन येकला नाय. तू आन् शालू, दोघी याल का मा... माझ्या घरी?"

मग रतनने विचारलं, ते विचारताना तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "मना का नाय सांगितलंस गं आजवर?"

"ज्याचं वा... वाक्य त्यानंच पुरं करायचं," शालू म्हणाली. "तूच बो... बोलतेस ना? मना वाटलं, तो ये... येईल आन् पुरं करील."

पोरीचं काय चुकलं? तिला शिकवलेला धडा तिने इमानाने पाळला होता. मोडला तो मोठ्या माणसाने.

गंगुबाईला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "उद्या सकालच्या गाडीनं जा. येक दिवस जरी थांबलीस, तर तुझा राग परत उगवंल."

ठाण्याच्या खाडीवर आगगाडीचा पूल होऊन तिसेक वर्षं झाली होती, पण रतन गाडीत पहिल्यांदाच बसली. पारसिकच्या डोंगरातल्या बोगद्यात अंधार झाला तेव्हा डब्यातल्या बायका देवाचं नाव घेऊ लागल्या. रतन मनातल्या मनात आपलं वाक्य म्हणून बघत होती. आनंदा, मी येणार होते. मी येणार आहे. दोघी येणार आहोत. डोंबिवली गेली, तोवर तिला ते पाठ झालं होतं.

कल्याणचा मालधक्का म्हणजे गोण्यांचा डोंगर. इथे कोणी गाऊन मोजत नव्हतं. आनंदा पाठीवर गोणी घेऊन येत होता; तिला पाहून थबकला. त्याचा चेहरा क्षणभर असा उजळला, की आपल्याला उशीर झालेला नाही असं रतनला वाटलं. मग तो उजेड गेला.

"र... रतन. माझं... ल... ल... ल..."

रतनची नजर त्याच्या हातावर गेली. नखं पिवळी होती. धोतराच्या काठालाही हळद होती, एका धुण्यात न जाणारी. पुढचा शब्द तिला कळला. कोणालाही कळला असता.

तेवढ्यात फलाटावर घंटा झाली. ठाण्याकडे जाणारी दुपारची गाडी सुटायची होती. आता नुसतं 'समजलं' म्हटलं की झालं. त्याची सुटका, तिची सुटका, आणि गाडीही मिळेल. तो शब्द आपल्याच तोंडाने म्हणून टाकला तर निदान त्याच्या तोंडून ऐकावा लागणार नाही.

तिने हातातलं बोचकं खाली ठेवलं. त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि थांबली.

"ल... लगीन झालं. आज आ... आठ रोज झाले. आ... आयनं ठरवलं. तू ज... जा बोललीस, म्हनून मी... मी परत नाय आलो. या... याया पायजे होतं. चु... चुकलं."

गाडी शिट्टी देऊन निघून गेली होती. रतनने शेवटचा शब्द पडेपर्यंत ऐकलं. वैशाखात एवढंच करायचं होतं. एवढंच.

"तुझं नाय चुकलं," ती म्हणाली.

"तू क... कशाला आलीस?"

"मी..." रतन म्हणाली, आणि अडली. जन्मात पहिल्यांदा तिचा शब्द असा दारात अडला.

आनंदाने पाठीवरची गोणी खाली ठेवली. हात मोकळे केले, आणि तो थांबला. दुसरा कोणी असता तर विचारलं असतं, काम होतं का, पाहुणी आलीस का. त्याने काही विचारलं नाही. तो ऐकत राहिला, जसं त्याने तिला शिकवलं होतं तसं, आणि त्याचं ते ऐकणं तिला सोसवेना.

"शालू आता चांगली बोलते," ती म्हणाली. "तेवढंच सांगाया आली."

तो तरीही थांबून होता. वाक्य पुरं झालेलं नाही, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार!

"झालं," रतन म्हणाली. "झालं माझं बोलून."

बोचकं उचलून ती वळली. संध्याकाळच्या गाडीला अजून चार तास होते. ते तिने फलाटाच्या दुसऱ्या टोकाला बसून काढले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरती येत होती. शालू उघाडीवर तिची वाट बघत बसली होती. फुटाण्यांची पुडी नाही, हे तिने पाहिलं. पण त्याबद्दल विचारलं नाही.

"बो... बोललीस का मावशी?"

"नाय," रतन म्हणाली. "त्याला आता सांगून उपेग नाय. त्याचं घर भरलं." मग तिच्याशेजारी बसून म्हणाली, "पन बोलायचं तर हाय. नायतर छातीत राहील. तू आयकशील?"

शालूने हातातला शिंपला खाली ठेवला. तिच्याकडे तोंड करून बसली, ओठांकडे नाही, डोळ्यांकडे बघत.

"आनंदा," रतन म्हणाली, "मी ये... ये..."

पाणी उघाडीतून आत शिरलं, पहिला वाफा भरला, दुसरा भरू लागला. रतन रडली, थांबली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. शालूला पुढचं सगळं ठाऊक होतं. तिने मध्ये एक शब्दही घातला नाही.